पेन्सिलीच्या तीन फुल्या

लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहायला गेलं की पहिले काही आठवडे दारात पडणारी पत्रं आपल्या नावाची नसतात. आधीच्या भाडेकरूची बँक, पिझ्झावाल्याचं पत्रक, दातांच्या दवाखान्याची आठवण. उन्हाळा संपता संपता त्यात कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या महापालिकेचं, एक पाकीट येतं. त्यावर नाव नसतं, नुसता पत्ता असतो. या घरात कोण कोण राहतं आणि त्यांपैकी मत कुणाकुणाला देता येतं, एवढंच आत विचारलेलं असतं. भारतातून नुकतीच आलेली मुलं ते पाकीट जिन्याखालच्या टपालाच्या ढिगात सरकवून देतात. इथल्या निवडणुकीशी आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. समजा, सांगलीची एक मुलगी शिकायला आली आहे आणि उत्तर लंडनच्या केंटिश टाउनमध्ये तिघींबरोबर एका घरात राहते आहे. तिच्याजवळ भारतीय पासपोर्ट आणि विद्यार्थ्याचा व्हिसा आहे. तेवढ्यावर ती मतदार होऊ शकते. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तिथे मताचा हक्क आहे, आणि तो केवळ कौन्सिलपुरता नाही, संसदेच्या निवडणुकीतही आहे. प्रजासत्ताक होऊनही भारत कॉमनवेल्थमध्ये राहील असं १९४९ साली ठरलं, त्याचं फळ असं एका भाड्याच्या खोलीत येऊन पडतं. गंमत म्हणजे शेजारच्या खोलीतली, २०२० नंतर आलेली फ्रेंच मुलगी मत देऊ शकत नाही. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सुमारास ब्रिटनने पोलंड, स्पेन, पोर्तुगाल अशा मोजक्या देशांशी या हक्काचे करार केले. फ्रान्स त्यांत नाही. सांगलीहून आले म्हणून मत आहे, पॅरिसहून आले असते तर नसतं, हे घरी फोनवर समजावून सांगताना तिची पुरेवाट होणार हे नक्की.

उमेदवारीचा नियम मात्र कडक आहे. भारतीय नागरिकाला उभं राहायचं असेल तर नुसता व्हिसा पुरत नाही, कायमच्या वास्तव्याचा परवाना लागतो. मत देता येतं, मागता येत नाही.

मतदार यादीत नाव घालणं दहा मिनिटांचं काम आहे, पण ते ज्याचं त्याने करायचं असतं. पूर्वी कुटुंबप्रमुख सगळ्या घराची नावं कळवत असे. २०१४ पासून प्रत्येकाला स्वतःची नोंद स्वतः करावी लागते, आणि तीही मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी.

आता, मत कशासाठी? लंडनचा महापौर वेगळा, त्याची निवडणूक वेगळी. पोलीस, भुयारी रेल्वे, बस हा त्याचा कारभार. त्याखाली लंडनचे बत्तीस तुकडे आहेत, त्यांना बरो म्हणतात; प्रत्येक बरोचं आपलं कौन्सिल असतं. शिवाय जुनं सिटी ऑफ लंडन आहे, त्याचं तंत्र निराळंच. बरोंची आजची आखणी १९६५ सालची. आपली सांगलीकर मुलगी राहते तो कॅम्डेन बरो त्या वर्षी हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस हे तीन जुने बरो जोडून झाला.

त्यांपैकी सेंट पँक्रसच्या सदस्यांचा पट कुणालाही हेवा वाटावा असा आहे. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ १९०३ पर्यंत तिथे कौन्सिलर होते, आणि नुसते नावापुरते नव्हते. कॅम्डेन टाउनमध्ये बायकांसाठी सार्वजनिक शौचालय असावं यासाठी ते भांडले. त्या काळच्या सभ्य मंडळींना हा विषय उच्चारायलाही जड जात होता. पुढे १९३४ मध्ये त्याच कौन्सिलवर लेबर पक्षातर्फे व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले आणि १९४७ पर्यंत राहिले. स्वतंत्र भारताचे लंडनमधले पहिले उच्चायुक्त होण्याआधी हा माणूस सेंट पँक्रसची वाचनालयं सांभाळत होता. नंतरचे संरक्षणमंत्री मेनन सगळ्यांना ठाऊक असतात. मला हे वाचनालयवाले मेनन अधिक जवळचे वाटतात.

कौन्सिलकडे काय काय असतं? कचरा, गाड्या उभ्या करण्याचे परवाने, वाचनालयं, शाळांचा काही कारभार, वृद्ध आणि निराधारांची देखभाल, कौन्सिलच्या मालकीची घरं, आणि बांधकामाच्या परवानग्या. यासाठी प्रत्येक घराकडून कौन्सिल टॅक्स घेतला जातो. तो आजही घराच्या एप्रिल १९९१ मधल्या किमतीवरून ठरलेल्या गटांनुसार आकारतात. त्यानंतर बांधलेल्या घराचाही, ते १९९१ मध्ये असतं तर केवढ्याला गेलं असतं, अशी कल्पना करून गट ठरवतात. फक्त विद्यार्थीच राहत असतील त्या घराला हा कर माफ असतो, त्यामुळे आपल्या सांगलीकर मुलीला त्याची झळ नाही.

बांधकाम परवानगी हा विषय वरवर रुक्ष वाटतो, पण मराठी वाचकाला तो एका घरामुळे ओळखीचा आहे. १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला विकत घेतलं आणि तिथे स्मारक-संग्रहालय केलं. हे घर कॅम्डेन बरोमध्ये येतं, आणि राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर कौन्सिलची परवानगी हवी. कॅम्डेनने ती नाकारली: राहण्याची जागा कमी होते हे एक कारण, आणि वर्दळीबद्दल शेजाऱ्यांची तक्रार. प्रकरण अपिलात गेलं, जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये केंद्रीय मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. त्या दिवसांत आपल्याकडे ही बातमी ‘ब्रिटनचा नकार’ अशा थाटात रंगली होती. नकार ब्रिटनचा नव्हता, कॅम्डेनचा होता. होकार ब्रिटनचा होता. कौन्सिलची सत्ता किती आणि ती कुठे संपते, हे यापेक्षा सोप्या उदाहरणाने मला सांगता येणार नाही.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर चॅलकॉट्स नावाची कौन्सिलच्या उंच इमारतींची वसाहत आहे. जून २०१७ मध्ये पश्चिम लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून बहात्तर माणसं गेली. त्यानंतर चॅलकॉट्सच्या बाह्य आवरणाबद्दलही तशाच शंका निघाल्या. अग्निशमन दलाने इमारती सुरक्षित नसल्याचं सांगितल्यावर कॅम्डेनने एका शुक्रवारी रात्री चार टॉवर रिकामे करवले. जॉर्जिया गूल्ड यांना कौन्सिलच्या नेतेपदी बसून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. हजारो माणसांना रात्रीतून बाहेर काढायचं, काहींना क्रीडा केंद्राच्या जमिनीवर गाद्या घालून झोपवायचं, आणि न निघणाऱ्यांच्या दारावर स्वतः जाऊन टकटक करायची. मत मागायला दार वाजवणं आणि हे दार वाजवणं, माणसं तीच.

तर या कौन्सिलवर पंचावन्न सदस्य निवडायचे असतात, दर चार वर्षांनी, मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी: २०२२, २०२६. बरोचे वीस वॉर्ड आहेत. पंधरांत तीन-तीन जागा, पाचांत दोन-दोन. ऐकल्यावर पुण्या-नागपूरच्या माणसाला आपली प्रभाग पद्धत आठवेल, पण फरक मोठा आहे. आपल्याकडे प्रभागातल्या अ, ब, क, ड जागा वेगळ्या, त्यांचे उमेदवार वेगळे आणि मतही प्रत्येक जागेसाठी वेगळं. इथे एकच यादी असते. तीन जागा असतील तर कोणत्याही तिघांपुढे फुली मारा. सगळ्यांत जास्त मतं मिळालेले पहिले तिघे निवडून येतात. एकाच पक्षाचे तिघे घ्या, तीन पक्षांचे तीन घ्या, किंवा एकालाच मत देऊन बाकीची दोन वाया घालवा. आरक्षित जागा कोणतीही नाही.

उमेदवार होणं फार सोपं आहे. त्याच वॉर्डातला एक सूचक, एक अनुमोदक, आणि बरोशी नातं असल्याचा पुरावा: मतदार यादीत नाव, वर्षभराचं वास्तव्य, नोकरीची जागा, किंवा तिथली मालकीची वा भाड्याची जागा. यांतलं एक असलं तरी चालतं. अनामत रक्कम नाहीच. संसदेला उभं राहायचं तर पाचशे पौंड भरावे लागतात, इथे पैसाही नाही. स्वतः कौन्सिलच्या नोकरीत असाल तर मात्र उभं राहता येत नाही.

सोपं असल्यामुळे एक मजेदार प्राणी जन्माला येतो: कागदी उमेदवार. पक्षाला प्रत्येक वॉर्डात पूर्ण यादी द्यायची असते, मग जिथे जिंकण्याची आशा नाही तिथेही कुणाला तरी गळ घालतात. नुसतं नाव दे, प्रचारसुद्धा करू नकोस. हॅम्पस्टेड टाउन हा कॅम्डेनमधला सधन, जुन्या वळणाचा दोन जागांचा वॉर्ड. २०२२ मध्ये तिथे एक जागा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मिळाली आणि दुसरी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, लेबरच्या उमेदवाराला. स्वतः त्यालाही ते अपेक्षित नव्हतं. नोकरी सांभाळून हे काम जमणार नाही म्हणून त्याने काही दिवसांतच राजीनामा दिला. जुलैमध्ये पोटनिवडणूक झाली आणि ती जागा लिबरल डेमोक्रॅट पक्षाने नेली. पक्षकार्यकर्ते ही गोष्ट नव्या कागदी उमेदवारांना सांगत असणार असा माझा अंदाज आहे. ते ऐकत असतील का, हे वेगळं.

निवडणूक घेतं कोण, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. आपल्याकडे महापालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. इंग्लंडमध्ये निवडणूक आयोग आहे, पण तो नियम समजावतो, पक्षांच्या हिशेबांवर लक्ष ठेवतो. प्रत्यक्ष निवडणूक घेत नाही. ती त्या कौन्सिलचाच एक वरिष्ठ अधिकारी घेतो. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांचीच निवडणूक घ्यायची, आणि त्या कामापुरतं त्यांच्या हुकमाबाहेर राहायचं. आपल्याला हे पचायला जड जातं. तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे.

आचारसंहितेला तिथल्या सरकारी कचेऱ्यांत एक शब्द आहे, आणि तो ऐकून हसू येतं: ‘पर्दा’. आपलाच शब्द, साहेबाने नेलेला. निवडणूक जाहीर झाली की कौन्सिलने पर्द्यात जायचं, म्हणजे एखाद्या पक्षाचा डांगोरा पिटला जाईल अशी जाहिरातबाजी स्वतःच्या खर्चाने करायची नाही. अलीकडे कागदोपत्री ‘निवडणूकपूर्व काळ’ असं साधं नाव आलं आहे, पण लोकांच्या तोंडी पर्दाच राहिला.

प्रचार पायी होतो. कर्णे नाहीत, रिक्षा नाहीत, चौकातले फलक नाहीत. संध्याकाळी सहानंतर कोट घातलेले चार-पाच लोक रस्त्याच्या एका टोकापासून दारं वाजवत येतात. त्यांच्या हातात किंवा फोनमध्ये मतदार यादी असते. मतदार यादी पक्षांना मिळते, आणि कुणी मागच्या वेळी मत दिलं होतं हेही कळू शकतं. कुणाला दिलं ते नव्हे. दारात फार बोलायचं नसतं. आमच्या पक्षाला मत द्याल का, आणि वॉर्डातली काही अडचण आहे का, एवढं विचारतात. उत्तराची खूण यादीत करतात. मतदारांची मनं वळवणं हा खरा उद्देश नसतोच. आपली माणसं कुठल्या दारामागे राहतात, हे शोधायचं असतं. ते मतदानाच्या दिवशी कामाला येतं.

दारं उघडली नाहीत तर पत्रकं. प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि छापवून घेणाऱ्याचं नाव-पत्ता कायद्यानेच असावा लागतो. स्तंभालेख तर हवाच: ‘इथे लढत फक्त दोघांतच’ असं सांगणारा, आणि दोन स्तंभांच्या उंचीचं प्रमाण गणिताच्या शिक्षकाने पाहू नये असं. यात लिबरल डेमोक्रॅट पक्षाची विशेष ख्याती आहे, पण बाकीचेही मागे नाहीत. खर्चाला मर्यादा आहे आणि ती काटेकोर आहे: एक ठरावीक रक्कम अधिक दर मतदारामागे काही पेन्स. एका पक्षाचे तिघे एकत्र प्रचार करत असतील तर प्रत्येकाची मर्यादा एक तृतीयांशाने कमी होते. एकूण हिशेब असा की आपल्याकडच्या एका सभेच्या मांडवाचा खर्चही त्यात बसायचा नाही.

गुरुवार उजाडतो. मतदान सकाळी सात ते रात्री दहा. सुट्टी नसते, लोक कामावर जाता-येता मत देतात. केंद्र शाळेत, चर्चच्या सभागृहात, वाचनालयात असतं. बाहेर कुत्रे बांधलेले असतात. रंगीत फितींची फुलं छातीवर लावून दोन-तीन पक्षांचे लोक दाराशी खुर्च्या टाकून बसतात आणि बाहेर येणाऱ्याला त्याचा मतदार क्रमांक विचारतात. सांगण्याची सक्ती अजिबात नाही. हे लोक एकमेकांचे विरोधक, पण एकाला चहा हवा झाला तर दुसरा त्याचेही क्रमांक लिहून ठेवतो. त्या क्रमांकांवरून पक्षाच्या कचेरीत नावं खोडली जातात, आणि संध्याकाळी उरलेल्या नावांच्या दारांवर पुन्हा टकटक होते: अजून गेला नाहीत? अजून वेळ आहे.

आत जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. ही प्रथा इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत २०२३ पासून आली. त्याआधी नाव आणि पत्ता सांगितला की भागत असे. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण पुन्हा कॉमनवेल्थ. मुदत संपलेला असला तरी चेहरा जुळला की झालं. ज्येष्ठांचा बसचा पास चालतो, विद्यार्थ्याचं कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. या भेदावर तिथे बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला कौन्सिल फुकट मतदार प्रमाणपत्र देतं, पण ते आधी मागावं लागतं.

बोटाला शाई लावत नाहीत. यंत्र नाही. टेबलामागचा अधिकारी नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचतो, यादीत रेघ मारतो आणि एक मतपत्रिका देतो. लाकडी आडोशामागे पेन्सिल असते, बहुधा दोरीला बांधलेली. स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं. तीन फुल्या मारायच्या, घडी घालायची, पेटीत टाकायची. कुणीच नको असेल तर ‘नोटा’ नाही. त्या वेळी लोक मतपत्रिकेवर मनातलं लिहून येतात आणि ती बाद ठरते. प्रत्येक मतपत्रिकेवर क्रमांक असतो आणि कोणता क्रमांक कुणाला दिला याची यादीही असते. म्हणजे मत गुप्त आहे, पण न्यायालयाने हुकूम दिला तर शोधता येईल असं. ही कागदपत्रं वर्षभर मोहोरबंद ठेवून मग नष्ट करतात.

आणि एक बारीक गोष्ट. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने असतात, पक्षाप्रमाणे नव्हे. तीन मतं द्यायची असताना पुष्कळ लोक वरून खाली येतात आणि थकतात. एकाच पक्षाच्या तिघांत यादीत वर असणाऱ्याला थोडी अधिक मतं पडतात, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जागा काठावर असेल तर तेवढ्याने बेरीज फिरते. आपटे आणि वैद्य एकाच पक्षाकडून उभे राहिले, तर वैद्यांनी दारं जास्त वाजवावीत.

रात्री दहाला पेट्या बंद होतात. काही कौन्सिलं रात्रीच मोजतात, काही दुसऱ्या दिवशी. आधी फक्त कागद मोजायचे: पेटीत जितके गेले तितकेच निघाले ना. टपालाने आलेली मतं सही आणि जन्मतारीख ताडून आधीच उघडलेली असतात. ती या ढिगात मिसळतात. मग खरी मोजणी. सोपे गठ्ठे पहिले बाजूला काढतात, तिन्ही फुल्या एकाच पक्षाला असलेले. पक्ष मिसळलेल्या मतपत्रिका उरतात आणि वेळ खातात. त्या एका मोठ्या तक्त्यावर एकाखाली एक अशा अर्धवट झाकून लावतात, म्हणजे फुल्यांचे रकाने ओळीने दिसतात. त्या लोंबणाऱ्या पट्ट्यांमुळे मोजणाऱ्यांत त्याला ‘गवताचा घागरा’ म्हणतात. पक्षाचे प्रतिनिधी समोर उभे राहून पाहतात; हात लावायचा नाही.

मतं समसमान पडली तर चिठ्ठी. मुंबई महापालिकेच्या फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत गिरगावातल्या २२० क्रमांकाच्या प्रभागाचा निकाल चिठ्ठीने लागून भाजपला गेला, हे अनेकांना आठवत असेल. तीनच महिन्यांनी इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंड परगण्यातल्या साउथ ब्लाइथ वॉर्डात लिबरल डेमोक्रॅट आणि कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारांनी काड्या ओढल्या. लांब काडी लिबरल डेमोक्रॅटच्या हाती आली. त्या एका काडीने कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं बहुमत एका जागेने हुकलं.

कॅम्डेनमध्ये काडीची वेळ आली नाही. २०२२ मध्ये पंचावन्नपैकी सत्तेचाळीस जागा लेबरला, चार लिबरल डेमोक्रॅटना, तीन कॉन्झर्व्हेटिव्हना, एक ग्रीन पक्षाला. लेबरचा मतांतला वाटा जागांतल्या वाट्याहून पुष्कळ कमी होता; जास्त मतं मिळालेले पहिले तिघे घ्यायचे म्हटलं की असं होतंच. लंडनच्या या निवडणुकांत निम्म्याहून अधिक मतदार घरीच राहतात, हेही लक्षात ठेवायला हवं. मग बहुमताच्या पक्षाचे सदस्य आपल्यातून नेता निवडतात, नेता मंत्रिमंडळासारखी एक लहान समिती नेमतो आणि खाती वाटतो. महापौर असतो, पण तो साखळी गळ्यात घालून उद्घाटनं करण्यापुरता, एका वर्षासाठी. हॅकनी, टॉवर हॅम्लेट्स अशा काही बरोंत मात्र कारभारी महापौर थेट लोक निवडतात.

निवडून आलेल्यांना पगार नसतो, भत्ता असतो. बहुतेकांची नोकरी चालूच राहते. सलग सहा महिने एकाही बैठकीला हजर राहिलं नाही, आणि कौन्सिलने रजा मंजूर केलेली नसेल, तर पद आपोआप जातं.

त्यांना भेटायचं असेल तर ‘सर्जरी’त जायचं. नाव दवाखान्याचं, आत कौन्सिलर. वाचनालयाच्या कोपऱ्यात एक टेबल, दोन खुर्च्या. सांगलीच्या मुलीच्या खोलीतल्या भिंतीला नोव्हेंबरपासून ओल आली आहे आणि घरमालक फोन उचलत नाही. पाच किंवा अधिक बिनसंबंधी भाडेकरू राहतात त्या घरांना इंग्लंडभर कौन्सिलचा परवाना लागतोच. त्याहून लहान घरांना लागतो की नाही, हे त्या त्या कौन्सिलच्या नियमांवर आहे. तिच्या घरात चौघी आहेत. ती फोनवर भिंतीचे फोटो काढते, घराचा पत्ता लिहून घेते आणि रांगेत आपला नंबर येण्याची वाट पाहत बसते.